दांडी इथं, गिअर तिथं

सांगलीहून तासगावला जाणारा रस्ता माधवनगर मागं टाकून बुधगावकडं निघतो, तिथं कडेला पत्र्याची शेड आहे. पाटीवरची अक्षरं उन्हानं उडून गेलीत. पाटी वाचून इथं कुणी येतही नाही. शेडच्या तोंडापासून लिंबाच्या झाडापर्यंत ट्रॅक्टर उभे आहेत. दसरा होऊन गेलाय. बॉनेटवरच्या झेंडूच्या माळा वाळून काळपट पडल्यात. खंडेनवमीला लावलेलं कुंकू रेडिएटरच्या जाळीवर अजून दिसतंय.

सकाळचे साडेनऊ. पत्रा आत्ताच तडतडायला लागलाय. ऑक्टोबरचं ऊन इथं दोन्हीकडून लागतं, वरून आणि तेल पिऊन काळ्या झालेल्या जमिनीवरून. डिझेल, ग्रीस, जळालेला रंग असा एक मिसळलेला वास नाकात बसतो. सावली एकाच ठिकाणी आहे, ट्रॅक्टरखाली. तिथं मिस्त्री आडवे झालेत. बाहेर फक्त त्यांच्या चपला दिसतात.

रांगेत दोन तऱ्हेचे लोक आहेत. एक उसाचे. त्यांचे ट्रॅक्टर मोठे, मागं दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे. कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आत त्यांना धड व्हायचंय. दुसरे द्राक्षाचे. त्यांचे ट्रॅक्टर बारके, मडगार्डवर निळसर पांढरा थर बसलेला. बोर्डोचा थर तो, मोरचूद आणि चुन्याचा. तासगाव, कवठे एकंद, मिरजेचा पूर्व भाग, सगळीकडं फळछाटणी चाललीय. छाटणीनंतर डोळे फुटतात, कोवळी पानं बाहेर येतात, आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस येऊन गेला की दावण्या रोग धरतो. मग औषध आजच मारावं लागतं. औषध फवारणारा ब्लोअर चालतो ट्रॅक्टरच्या पाठीमागच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या शाफ्टवर. पीटीओ पडला नाही तर पाचशे-सहाशे लिटरची टाकी नुसती भरून उभी.

मिस्त्रींना हे पाठ आहे. म्हणून रांग असूनही ती रांग नाही. मागचा एक जुना एचएमटी ते पुढं बोलावतात. उसाचा एक तरणा गडी कुरकुरतो.

"आम्ही काय बिनकामाचं बसलोय व्हय?"

"तुझा ऊस उद्या बी उभाच असतोय," ट्रॅक्टरखालून आवाज येतो. "ह्यांचा घड न्हाय ऱ्हायचा."

एचएमटीबरोबर आलेले आबा सत्तरीच्या घरातले. धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं. ट्रॅक्टर दोन सिलिंडरचा, पंचवीस अश्वशक्तीचा. बंद करताना तो धडधडून सगळं अंग हलवतो. हरियाणात पिंजोरला १९७१ पासून झेक बनावटीच्या झेटरच्या धर्तीवर हे ट्रॅक्टर निघू लागले, आणि २०१६ साली केंद्र सरकारनं तो कारखाना बंद करायचं ठरवलं. तेव्हापासून सुट्या भागांसाठी भंगारातला दुसरा एचएमटी शोधावा लागतो. आबांच्या ट्रॅक्टरचं एक मडगार्ड निळं आहे, दुसरं लाल.

"काय झालंय आबा?"

"पीटीओ सुटंना झालाय बघा. दांडी खाली केली तरी शाफ्ट फिरतोयच."

"आणि पडतो का?"

"कवा पडतोय. कवा नुसता कर्रर्र करतोय."

मिस्त्री बाहेर येतात. पन्नाशीचा माणूस, अंगात बाह्या कापलेला खाकी शर्ट. ते आधी दांडीकडं बघत नाहीत. दांडीपासून मागं काय काय जातंय ते बोटानं चाचपत जातात. सीटजवळ मूळच्या दांडीचा बुडखा आहे, कापलेला. तिथून एक जाडसर वायर निघते, इंजिनच्या कडेनं वळसे घेत पुढं येते आणि स्टिअरिंगजवळ वेल्ड केलेल्या दुसऱ्याच एका दांडीला मिळते. वायर कधीकाळी जीपची असावी. मागं, गिअरबॉक्सपाशी, दाराला लावतात तसली एक स्प्रिंग ताणून अडकवलीय.

"ही करामत कुणाची?"

"आदल्या मालकाची. मागं हात पोचत न्हाय म्हणून पुढं घेतली म्हणत होता. मी असाच घेतला."

गिअर असो की पीटीओ, जुन्या ट्रॅक्टरला बहुतेक ठिकाणी सरळ दांडी असते. हात इथं, दातेरी चाक तिथं, मधे लोखंडाची सळई. वायरी असतात त्या रेसला, इंजिन बंद करायला, मीटरला. नव्या काही मॉडेलांत गिअर सीटच्या बाजूला गेला, तेव्हा आत कुठं सळया आल्या, कुठं वायरी. त्या वायरी वेगळ्या. आतली तार जाड, ताठ, ओढायला आणि ढकलायला दोन्हीला बनवलेली. आबांची वायर त्या जातीची नाही.

मिस्त्री चौदाचा पान्हा मागतात. हाताखालचा पोरगा देतो. गिअरबॉक्सच्या बाहेर आलेला पीटीओचा लोखंडी हात वायरीपासून सुटा होतो. इंजिन बंदच आहे. मिस्त्री तो हात नुसत्या पंज्यात धरून पुढं रेटतात. टक. मागं ओढतात. टक.

"ऐकलं?"

मी ऐकतो. आबाही मान हलवतात. आत एक पोलादी गोळी आणि तिच्यामागं स्प्रिंग असते. सरकणारी सळई जागेवर आली की गोळी खाचेत बसते, तोच हा आवाज.

"आतलं समदं झकास हाय. दुखणं बाहेर हाय."

ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. ती न करता थेट गिअरबॉक्स उघडणारेही असतात, आणि मग ट्रॅक्टर चार दिवस दोन तुकड्यांत पडून राहतो.

आता मिस्त्री आबांना पुढच्या दांडीपाशी बसवतात. "ओढा." आबा ओढतात. दांडी पूर्ण येते. मागं वायरीचं टोक हलतं, पण हात अर्ध्यावर थांबतो. चाल वाटेतच कुठंतरी हरवलीय. मिस्त्री ती शोधत पुढून मागं येतात. दांडीच्या बुडाची पिन झिजून बारीक झालीय. पिन अडकते त्या यू आकाराच्या तुकड्याचं, यूचं, भोक गोल राहिलेलं नाही, लांबट झालंय. वायरीचं आवरण क्लॅम्पमधून सरकतंय. मधला कोन डुगडुगतोय. शेवटची पिन तर पिनच नाही, खिळा वाकवून घातलाय. असे पाच सांधे. एकेका ठिकाणी दीड मिलिमीटर गेला तरी शेवटी सात-आठ मिलिमीटर कमी पडतात. आतल्या कॉलरला सरकायचं असतं बोटाच्या पेराएवढं. दात अर्धेच भिडतात आणि मग कर्रर्र होतं.

"आणि सुटत का न्हाय?"

मिस्त्री वायर सोडवून आबांच्या हातात देतात. "ओढा." वायर ताठ होते. "आता ढकला." वायर मधेच वाकून बाजूला जाते.

"वायर ओढतीया, ढकलत न्हाय. सोडवायचं काम ही स्प्रिंग करत हुती. ती आता दमली."

आबा स्प्रिंगकडं बघतात. मग वायरीकडं. काही बोलत नाहीत.

निर्णय होतो. वायर काढून टाकायची. मागं मूळच्या जागी दांडी बसवायची, बारा मिलिमीटरच्या सळईनं सरळ जोडायची. मूळ दांडी खाली, सीटच्या मागं होती. मिस्त्री ती वर वाढवून थोडी पुढं वाकवणार, म्हणजे हात पोचेल. सळईच्या दोन्ही टोकांना आटे पाडायचे. आटे लेथवर. पोरगा सळई खांद्यावर टाकून गावाकडं पळतो.

मीही त्याच्यामागं जातो. माधवनगरच्या गल्लीत शिरलं की यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो. बंद दारांच्या आडून येतो, कुठून येतो ते कळत नाही. लेथवाल्याच्या दुकानात आधीच तिघे उभे. एकाच्या हातात पंपाचा शाफ्ट, दुसऱ्याकडं मागाचा कुठलासा रोलर. सळई लेथमध्ये बसते. पहिला आटा निघतो, चकचकीत, वळलेला कीस खाली पडतो.

आणि लाईट जाते.

लेथ घरघरत थांबतो. त्याच क्षणी सगळी गल्ली गप्प होते. माग थांबलेत. इतका वेळ खडखडाटात न ऐकू आलेलं सगळं ऐकू येतं. कुठंतरी कुकरची शिट्टी, एक पोर रडतंय. मग लांबून रेल्वेचा भोंगा. मिरज–पुणे मार्गावरची गाडी माधवनगर स्टेशन ओलांडून नांद्रेकडं चाललीय. पुढं भिलवडी, त्याच्या पुढं किर्लोस्करवाडी. औंध संस्थानातल्या त्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगराचा कारखाना उभा केला. लोखंडी नांगर आला त्याच दिवशी त्याचा बोल्ट झिजायलाही सुरुवात झाली असणार, आणि तो बदलणारा कुणीतरी गावात लागला असणार. त्या माणसाची नोंद सहसा कुठं नसते.

"किती वेळ?"

"आली की आली," लेथवाला म्हणतो, आणि स्टुलावर बसून तंबाखू मळायला घेतो.

परत शेडकडं. इथं लाईटचं फारसं अडलेलं नाही. दुसरा पोरगा, मिसरूड फुटलेला, गॅसच्या शेगडीपाशी बसलाय. समोर एका लाल ट्रॅक्टरची स्टॉप वायर. जुन्या डिझेल ट्रॅक्टरची किल्ली फिरवून इंजिन बंद होत नाही, दिवे बंद होतात. इंजिन बंद करायला एक गोळा ओढावा लागतो, तो वायरीनं पंपाची दांडी खेचतो, डिझेल तुटतं. ही वायर अडकली की लोक बॉनेट उघडून, फिरत्या पंख्याच्या बाजूनं हात घालून पंपाची दांडी दाबतात. या लाल ट्रॅक्टरचा मालक त्याहून पुढचा आहे.

"मग एवढे दिवस बंद कसा करत हुता?"

"टॉपमधी घालून ब्रेक दाबायचा नि क्लच सोडायचा."

पोरगा मान वर करून त्याच्याकडं बघतो, मग खाली घालतो.

ट्रॅक्टर कृष्णाकाठच्या गावातला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी नदी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा हा ट्रॅक्टर गोठ्यात होता. पाणी सीटपर्यंत आलं होतं. नंतर ऑइल बदललं, फिल्टर बदलले, बॅटरी बदलली. वायरींकडं कोण बघतं? पोरगा आवरणातून आतली तार ओढून काढतो आणि बोटं एकमेकांवर घासून दाखवतो. गाळ. अजून आहे, गंजात कालवलेला, बारीक खरखरीत.

आवरण म्हणजे चपट्या पोलादी तारेचं वेटोळं, वर प्लॅस्टिक. आत वळलेली तार सरकते. ओढ तारेवर पडते, तेवढाच उलटा दाब आवरणावर. म्हणून वायर कशीही वळवून नेली तरी चालते, फक्त आवरणाची दोन्ही टोकं घट्ट धरलेली हवीत. अर्नेस्ट बाउडन नावाच्या माणसाच्या नावावर १८९६ चं याचं पेटंट आहे. सायकलच्या ब्रेकला हीच, पॉवर टिलरच्या क्लचला हीच.

पोरगा आवरण खिळ्याला उभं टांगतो. वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून नरसाळं करतो, तारेनं आवळतो, त्यात डिझेल ओततो. खालून आधी काळं येतं, मग तपकिरी. डिझेल स्वच्छ येईपर्यंत तो थांबतो, मग तेल सोडतो. तोवर नवी तार मापून तोडतो. टोकाला पितळी गुंडी घालायची. तार गुंडीतून आरपार नेऊन तो तिचे पदर फुलवतो, एकेक वेगळा, आणि परत आत ओढून घेतो. नवसागराचा पांढरा धूर उठतो, डोळे चुरचुरतात. कथिल पदरांमधे भरतं. पदर न फुलवता नुसता डाग दिला तर पहिल्याच जोराच्या ओढीला तार गुंडीतून निसटते. हे त्याला कुणी समजावून सांगितलेलं दिसत नाही. बघून हातानं उचललेलं आहे. गार झाल्यावर तो तार दाराच्या कडीला अडकवतो आणि सगळं अंग मागं टाकून ओढतो. गुंडी हलत नाही.

लिंबाखाली उसाचा तो तरणा गडी अजून बसलाय. त्याचा ट्रॅक्टर कवलापूरहून आलाय, सगळी वाट दुसऱ्या गिअरमध्ये.

"दोन गिअर एकदम पडलं. शेतातच जाम झाला. झाकण खोलून डिस्मिसनं एक सरकवला नि आलो तसाच. परत गिअर बदलायचा धीर झाला न्हाय."

लाईट येईपर्यंत मिस्त्री त्याच्याकडं वळतात. गिअरच्या दांडीच्या बुडाशी रबराची टोपी असते. इथं तिच्या चिंध्या उरल्यात. दांडी बोटानं ढकलली तरी चारी दिशांना भोवंडते. बोल्ट निघतात, झाकण वर येतं. आतलं ऑइल दुधाळ झालंय. फाटक्या टोपीतून दोन पावसाळे आत गेलेत. दांडीचं टोक, जे आतल्या सळयांच्या खाचेत बसून हवी ती सळई सरकवतं, ते एका बाजूनं घासून उतरलंय. त्यामुळं ते एका खाचेतून पुरतं सुटायच्या आत दुसरीत घुसतं. हे होऊ नये म्हणून दोन सळयांच्या मधे एक आडवी बारकी पिन असते. एक सळई सरकली की ती दुसरीला अडवून धरते. मिस्त्री मॅग्नेट आत फिरवतात. पिन बाहेर येते, अर्धी. उरलेली अर्धी खाली ऑइलमध्ये कुठंतरी आहे.

"ती काढल्याबिगर झाकण लावायचं न्हाय," मिस्त्री म्हणतात. "ऑइल सोडाय लागंल. दांडीचं टोक वेल्डिंगनं भरून घासून घिऊ. पिन नि टोपी सांगलीत मिळंल, पर आज न्हाय व्हायचं."

"उद्या?"

"उद्या दुपारी ये."

गडी टोपी काढून डोकं खाजवतो. मग फोन काढतो आणि न्यायला गाडी घेऊन ये म्हणून कुणाला तरी ओरडून सांगतो.

दुपारचा एक वाजतो. पत्र्याखाली आता थांबवत नाही. कुणीतरी उसाचा रस आणलाय, स्टीलच्या किटलीत. तेवढ्यात गावाकडून खडखडाट परत सुरू होतो. लाईट आली. अर्ध्या तासात पोरगा सळई घेऊन येतो, दोन्ही टोकांना आटे, हातात धरवत नाही इतकी तापलेली.

बसवायला वेळ लागत नाही, जुळवायला लागतो. यूची भोकं वेल्डिंगनं भरून नव्यानं पाडलीत. पिना नव्या, प्रत्येकीला वायसर आणि फाकवायची चीप. खिळा लांब भिरकावला जातो. मिस्त्री गिअरबॉक्सचा हात सुटलेल्या जागेवर ठेवतात, दांडी खाली ठेवतात, आणि सळईचा यू फिरवून फिरवून पिन आपणहून आत जाईल एवढी लांबी करतात. पिन ठोकावी लागली तर लांबी चुकली. एक फेरा जास्त होतो, अर्धा मागं. पिन बोटानं आत जाते.

आता चाचणी. ब्लोअर मागं जोडला जातो, टाकीत नुसतं पाणी. जोडशाफ्टवर एकेकाळी पिवळं प्लॅस्टिकचं आवरण असावं. आता त्याचा एक तुकडा एका टोकाला लोंबतोय. मिस्त्री तो बघतात. मग आबांकडं बघतात.

"उपरणं काढा आधी. आणि सोगा खोचा."

"मी लांबच हाय की."

"काढा."

आबा उपरणं काढून सीटवर ठेवतात. या शाफ्टचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेऱ्या. अमेरिकेतल्या शेती अभियंत्यांच्या संस्थेनं १९२७ मध्ये त्याचं माप आणि वेग बांधून दिला, म्हणून कुठल्याही कंपनीचं अवजार कुठल्याही ट्रॅक्टरला बसू लागलं. ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेऱ्या. कापडाचं टोक गुंतलं तर ओरडायलाही वेळ उरत नाही. मळणी यंत्रांत हात जायचे म्हणून आपल्याकडं १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. शेडमधल्या एकाच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी आहेत. तो रांगेतल्यांना पाणी देतोय. त्याला कुणी काही विचारत नाही.

इंजिन सुरू होतं. धडधड छातीत जाणवते. मिस्त्री आबांनाच वर बसवतात. "क्लच पूर्ण दाबा. दांडी वर." टक. आवाज इंजिनच्या गोंगाटातही हाताला कळतो. आबांच्या चेहऱ्यावर दिसतो. क्लच सावकाश सुटतो. शाफ्ट फिरायला लागतो, मग फिरताना दिसेनासा होतो. "रेस द्या." ब्लोअरचा पंखा ओरडायला लागतो. नोझलमधून पाणी धुक्यात फुटतं, वाऱ्यानं शेडकडं येतं. रांगेतले सगळे तोंड पुढं करून ते अंगावर घेतात. दिवसभरातला हाच काय तो गारवा.

"क्लच. खाली." टक. शाफ्ट थांबतो.

"परत."

दहा वेळा वर, दहा वेळा खाली. आठव्या वेळी आबा कंटाळतात. मिस्त्री ऐकत नाहीत. मग ते मडगार्डच्या आतल्या बाजूला खडूनं दोन रेघा मारतात, एक दांडी पडल्याची, एक सुटल्याची. "दांडी रेघंच्या अलीकडं थांबायला लागली की या. कर्रर्र व्हायची वाट बघू नका. आणि त्या शाफ्टला कवर घाला."

"किती झालं?"

आकडा सांगितला जातो. आबा बंडीतून नोटा काढतात, एक परत ठेवतात, मिस्त्री हात पुढंच ठेवतात, ती नोट पुन्हा बाहेर येते.

निघताना आबा खाली वाकतात. काढून टाकलेली वायर मातीत पडलीय. ते ती उचलतात, गुंडाळतात.

"आता ही कशाला?" पोरगा विचारतो.

"द्राक्षाच्या मांडवाची एक तार ढिली पडलीया. ताण द्यायला हुईल."

मिस्त्री तोवर लाल ट्रॅक्टरच्या बॉनेटमध्ये डोकं घालून बसलेत. तिथूनच म्हणतात, "तिथं चालंल. तिथं नुसतं ओढायचंच काम हाय."